बारुगाझा: एक गाव आणि अनेक कान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजनांना पहिला नमस्कार. 'गुरू' हा शब्द मी आत्ता उच्चारला तो तेवढा ध्यानात ठेवा. तासाभराने मला त्याची गरज लागणार आहे.

आजचा विषय पत्रिकेवर वाचून काहीजण बुचकळ्यात पडले असतील. प्राचीन ग्रीक स्थलनाम! बडोद्यात बसून ग्रीसच्या गावांची उठाठेव कशाला? पण मी तुम्हाला ग्रीसला नेणार नाही. मी तुम्हाला इथून सुमारे 70 किलोमीटरवर नेणार आहे. तिकीटही फारसे पडत नाही.

बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले की तासाभरात ते स्टेशन येते. खारी सिंग विकणारे डब्यात चढतात. कागदाच्या पुड्या हातोहात फिरतात. माझी आजी लगबगीने बटवा काढायची आणि म्हणायची, "भडोच आलं, आता नर्मदा. पैसे तयार ठेवा." गाडी पुलावर आली की खिडकीतून नाणे नदीत पडायचे आणि आजीचे हात जोडले जायचे. मी मात्र मागे सुटलेल्या फलकाचा विचार करायचो. फलकावर 'भरूच' होते. आजी 'भडोच' म्हणाली होती. घरातल्या जुन्या इंग्रजी नकाशात 'ब्रोच' छापलेले होते. पुढे शाळेत कळले की पोथ्यांमध्ये याच गावाला 'भृगुकच्छ' म्हणतात. एक गाव, चार नावे. मग त्याचे खरे नाव कोणते?

या चारांत आज एक पाचवे नाव घालतो. सुमारे 2 हजार वर्षांपूर्वी ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने या गावाचे नाव लिहिले: बारुगाझा. इंग्रजी पुस्तकांतून आपण ते 'बॅरिगाझा' असे वाचतो. ते कुठून आले? त्याचा अर्थ काय? श्रोतेहो, हे एक वाटले तरी दोन प्रश्न आहेत. नावाचा उगम ही एक गोष्ट, नावाचा अर्थ ही दुसरी. उगम नावाच्या पोटात असतो. अर्थ पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या कानात असतो. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकीचा तास त्याचा पुरावा समजा.

आधी लिहिणारा कोण, ते पाहू.

त्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही. तो इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक बोलणारा व्यापारी होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास त्याने खलाशांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. पेरिप्लस म्हणजे समुद्रप्रदक्षिणा. यात काव्य नाही, अलंकार नाहीत. कुठे नांगर टाकावा, कुठे खडक आहेत, कोणता माल कुठे खपतो, राजाला कोणता नजराणा द्यावा, एवढेच. आजच्या भाषेत व्यापाऱ्याची चोपडी. म्हणूनच ती विश्वासाची. कवी गावाचे वर्णन करताना हात सैल सोडतो. व्यापारी सोडत नाही, कारण चूक झाली तर जहाज बुडते.

या चोपडीत भारतातल्या कोणत्याही बंदराला मिळाली नसेल एवढी जागा बारुगाझाला मिळाली आहे. इटलीची दारू इथे विशेष खपते, तांबे, कथील, शिसे, पोवळे येते, असे तो सांगतो. राजासाठी चांदीची भांडी आणा, गाणारी मुले आणा, हेही सांगतो. इथून हस्तिदंत जातो, अकीक जातो, पिंपळी जाते, सुती कापड जाते. त्यातला माल येतो कुठून? इथून दक्षिणेस 20 दिवसांच्या वाटेवर 'पैथाना' आहे, आणि तिथून पूर्वेस 10 दिवसांवर 'तगर'. तिथला माल गाड्यांत भरून, नीट वाटही नसलेल्या मुलखातून इथे येतो. पैथाना म्हणजे आपले पैठण. तगर म्हणजे धाराशिवजवळचे तेर. म्हणजे गोदावरीच्या काठचा माल नर्मदेच्या मुखातून समुद्रावर निघत होता. मराठी मुलूख आणि गुजरात यांची सोयरीक गायकवाडांनी जुळवली असे आपण समजतो. बैलगाड्यांनी ती त्याच्या किती आधी जुळवली होती, हिशेब करा.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट. हा व्यापारी सांगतो की बारुगाझाच्या आखातात शिरणे अवघड आहे. भरती अशी अचानक उसळते की जहाजे कलंडतात. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येतात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणतात. त्या होड्यांची नावेही तो देतो: त्रप्पगा आणि कोटिंबा. 'अंगविज्जा' या प्राकृत ग्रंथातल्या नौकांच्या यादीत या नावांशी जुळणारी नावे सापडतात. म्हणजे ग्रीक माणसाचा कान बरा होता!

आणि त्या कानाला गावाचे नाव सांगितले कुणी? पाठशाळेतल्या शास्त्रीबुवांनी नव्हे. सुकाणूवर बसलेल्या कोळ्याने सांगितले, गोदीतल्या हमालाने, दलालाने, सराफाने सांगितले. ग्रीक चोपडीत जे उतरले ते या लोकांच्या तोंडचे नाव.

आता दुसरा मुद्दा: हे नाव कानातून लेखणीत कसे उतरले?

गावाचे जुने स्थानिक नाव 'भरुकच्छ', ते आणि 'बारुगाझा' शेजारी ठेवा. 'भ'चा 'ब' का झाला? ग्रीकांपाशी 'फ', 'थ', 'ख' यांसारखे महाप्राण होते, पण 'भ', 'ध', 'घ' नव्हते. त्यांच्या अक्षरमालेत 'भ' लिहायलाच अक्षर नाही. मग हाताशी जे जवळचे होते ते वापरले. 'क'चा 'ग' झाला, कारण दोन स्वरांमधला 'क' आपल्या बोलभाषांतही तेव्हा मऊ पडू लागला होता. आणि 'च्छ'? इथे ग्रीकांची खरी पंचाईत. त्यांच्याकडे च, छ, ज, झ हा अख्खा वर्गच नाही! आपला चवर्ग म्हणजे त्यांच्या जिभेला न लागणारे कुलूप.

मग त्यांनी काय केले? कुठे 'स', कुठे 'त्य', कुठे दंताने उच्चारायचा 'झ'. चंद्रगुप्ताचा सांद्रकोत्तोस झाला. क्षत्रप चष्टनाचा तियास्तानेस झाला. उज्जयिनीला बोलीत उज्जेनी म्हणत, तिची ओझेने झाली. कोकणातल्या चौलला तेव्हा चेमूल म्हणत. पेरिप्लसमध्ये त्याचे सेमिल्ला झाले. शंभरेक वर्षांनी टॉलेमी या भूगोलकाराने सिमिल्ला लिहिले आणि वर टीप दिली की तिथले लोक त्याला 'तिमूला' म्हणतात. बिचाऱ्याने सुधारायचा प्रयत्न केला, पण 'च' काही सापडला नाही. तेव्हा 'कच्छ'चे 'गाझा' होणे हा गबाळेपणा नव्हता, त्यामागे नियम होता. नियमाने झालेली चूक नियमानेच उलटी फिरवता येते. भाषेच्या अभ्यासकाचे पोट त्यावरच चालते.

आणखी एक गंमत. आपण इंग्रजी वळणाने 'बॅरिगाझा' म्हणतो, पण ग्रीक लेखणीत तिथे 'उ'च्या घराण्यातले अक्षर आहे. रोमन लिपीत ते 'वाय' झाले, आणि इंग्रजी वाचणाऱ्याने त्याची 'इ' केली. म्हणजे 'भरु'तला 'रु' ग्रीकाने जपला होता. तो हरवला दीड-दोन हजार वर्षांनी, पुस्तकात. दोष समुद्रावरच्या माणसाचा नाही, टेबलावरच्या माणसाचा आहे.

आता एक आडवा प्रश्न. मी मघापासून 'भरुकच्छ' म्हणतो आहे. पोथी तर 'भृगुकच्छ' म्हणते. मग मूळ कोणते?

साक्षीदार बोलावू. पहिला साक्षीदार नाशिकचा. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. पेरिप्लस ज्याला बारुगाझाच्या मुलखाचा राजा म्हणते, तो हाच नहपान असे बहुतेक अभ्यासक मानतात. उषवदात सांगतो की त्याने भरुकछ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या, आणि दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. पाहिलेत? दगडावर कोरलेले नाव 'भरुकछ' आहे, 'भृगु' नाही. तेही राजघराण्यातल्या, ब्राह्मणांना भरघोस दाने देणाऱ्या माणसाच्या लेखात. दुसरा साक्षीदार पाली जातककथांचा. तिथेही 'भरुकच्छ'. शिवाय भरु नावाच्या राजाची एक कथाच आहे. तपस्व्यांच्या दोन गटांत एका वडाखालच्या जागेवरून भांडण होते, राजा लाच घेऊन न्याय फिरवतो, आणि समुद्र त्याचे राज्य गिळतो. आणि तिसरा साक्षीदार आपला ग्रीक. त्याने 'भृगु' ऐकले असते तर 'बारु' लिहिले नसते.

म्हणजे भरुकच्छ आधीचे. भरुचा कच्छ. कच्छ म्हणजे पाण्याकाठची सखल, दलदलीची जमीन. वरचे कच्छ त्याच शब्दाचे, आणि कासवाला संस्कृतात 'कच्छप' म्हणतात तोही याच चिखलातला. नर्मदेच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी उभे राहा. शब्दकोश उघडायची गरज नाही, पाय बुडाले की अर्थ कळतो.

भृगुऋषी नंतर आले. नर्मदेच्या काठी भृगूंचे स्थान मानले गेले, भार्गव ब्राह्मणांची वस्ती होती, आणि 'भरु' हा शब्द कुणाला कळेनासा झाला होता. न कळणारा शब्द माणसाला सहन होत नाही. शेजारी 'भृगु' उभे होते, त्यांना आत बोलावले. 'भरु'चे 'भृगु' झाले आणि गावाला गोत्र मिळाले. यात कुणाचा कावा नाही. ही श्रद्धेची रीत आहे, आणि मी तिची टिंगल करत नाही. माझे म्हणणे एवढेच की आपल्या भारदस्त संस्कृत नावापेक्षा परदेशी व्यापाऱ्याचे मोडके नाव मुळाच्या अधिक जवळ आहे. कसे? कारण त्याला त्यातले काही कळत नव्हते. कळणारा माणूस नाव सुधारतो. न कळणारा जसेच्या तसे लिहून ठेवतो.

पण थांबा. ग्रीकाला खरेच काही कळत नव्हते? हा माझा तिसरा मुद्दा.

'बारुगाझा' ग्रीक कानाने ऐका. 'बारुस' म्हणजे जड, भारी. आपल्या ओळखीचे आहे ते: हवेचा दाब मोजतो तो बॅरोमीटर, त्यातला 'बॅरो' याच कुळातला. आणि 'गाझा' म्हणजे खजिना, राजाची तिजोरी. ग्रीकांनी हा शब्द इराणी लोकांकडून उचलला. संस्कृतातला कोठारवाचक 'गञ्ज' त्याच मुळाचा, आणि आपली गवताची गंजही त्याच घराण्यातली मानतात. मग 'बारुस' आणि 'गाझा' मिळून काय? भारी खजिना! हस्तिदंत, अकीक, रेशीम, मलमल जिथून भरभरून येते त्या बंदराला याहून शोभेल असे नाव आहे?

पेरिप्लसच्या लेखकाने हा अर्थ सांगितलेला नाही. पण अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर हे नाव ऐकणाऱ्याच्या मनात तो उमटला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. का, ते सांगतो. वर्तमानपत्रात रोज दिसणाऱ्या पॅलेस्टाइनमधल्या गाझाचे मूळ सेमिटिक नाव अझ्झा. त्यात बळकटीचा अर्थ आहे. पण पोम्पोनियस मेला हा पहिल्या शतकातला रोमन लेखक सांगतो की या शहराला गाझा म्हणतात, कारण इराणचा राजा कांबुजीय याने तिथे आपला खजिना ठेवला होता! म्हणजे त्या शतकात, त्या समुद्राकाठी, 'गाझा' कानावर पडले की डोळ्यांपुढे तिजोरी उभी राहायची. मग नर्मदाकाठच्या गाझाचीच तेवढी सुटका कशी होईल?

तेव्हा हिशेब असा झाला. गाव एक. ब्राह्मणाने ऐकले, त्याला ऋषी दिसले. व्यापाऱ्याने ऐकले, त्याला तिजोरी दिसली. ज्याच्या मनात जे, त्याच्या कानात ते. पुढे साहेब आला, त्याने 'ब्रोच' केले. साडीच्या पदराला लावतो तो ब्रोच; कानाला तरी तोच. आणि चिखलात उभा असलेला भरु या सगळ्यांकडे पाहत राहिला.

असे फक्त एका गावाचे झाले का? टॉलेमी लिहितो की पैठणला 'सिरोप्टोलेमाइओस' राज्य करतो. कोण हा? कुणी ग्रीक सरदार पैठणच्या गादीवर बसला की काय? छे. हा आपला सातवाहन सिरी पुळुमावी! टॉलेमीने ऐकले 'पुळुमावि' आणि लिहिले स्वतःचेच नाव. पेरिप्लसमध्ये कोकणच्या किनाऱ्यावर 'बिझांटिओन' नावाचे बंदर आहे. बॉस्फरसच्या काठचे बिझांटिअम इथे कसे? कुणी विजयदुर्ग सुचवतात, कुणी दुसरे गाव. पण मूळ नाव इथलेच होते आणि लिहिणाऱ्याने त्याला घरचे कपडे घातले, एवढे उघड आहे.

आता आपण हसतो आहोत. पण हसण्यापूर्वी गिरनारच्या पायथ्याशी जाऊ या. अशोकाच्या शिलालेखात दूरच्या यवन राजांची नावे आहेत. इजिप्तचा टॉलेमी राजा तिथे कसा लिहिला आहे? 'तुरमाय'! म्हणजे आपण त्यांच्या टॉलेमीचा तुरमाय केला, आणि 400 वर्षांनी त्यांनी आपल्या पुळुमावीचा टॉलेमी केला. फिट्टंफाट! मेनांडरचा आपण मिलिंद केला, आणि तो इतका गोड केला की आज मराठी घरांत मुलाचे नाव मिलिंद ठेवताना कुणाला ग्रीक राजाची आठवण होत नाही. एकट्या आयोनियाच्या नावावरून सगळे ग्रीक यवन झाले. आणि वडगावच्या मोहिमेत पडलेला कॅप्टन स्टुअर्ट? मराठी तोंडात तो 'इष्टूर फाकडा' झाला. शत्रू खरा, पण शूर. मग त्याला नुसते नाव कसे द्यायचे? फाकडा म्हणून पदवीही दिली. कानाने नाव मोडले, मनाने माणूस जोडला.

आता चौथा मुद्दा. हा मला सर्वांत जवळचा आहे.

पेरिप्लसचा लेखक बारुगाझाहून दक्षिणेकडे निघतो आणि एक सुंदर वाक्य लिहितो. त्याचा आशय असा: यापुढचा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, म्हणून या प्रदेशाला 'दाखिनाबादेस' म्हणतात, कारण या लोकांच्या भाषेत दक्षिण दिशेला 'दाखानोस' म्हणतात. श्रोतेहो, दाखिनाबादेस म्हणजे दक्षिणापथ. तुमचे-आमचे दख्खन. एका परक्या माणसाने, होकायंत्र नसलेल्या काळात, भाव करता करता थांबून कुणाला तरी विचारले, "बाबा रे, याला असे का म्हणतात?" आणि उत्तर लिहून ठेवले. आपल्या प्रांताच्या नावाची पहिली परदेशी व्युत्पत्ती आहे ही. आणि ती बरोबर आहे!

पण तरीही त्याला एक गोष्ट दिसली नाही. आपण दक्षिण का म्हणतो? पूर्वेला तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येते ती दक्षिण. दक्षिण म्हणजे उजवा. ग्रीक भाषेत उजव्याला म्हणतात 'देक्सिओस'. दक्षिण आणि देक्सिओस, एकाच आजीच्या दोन नाती. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या. नर्मदेच्या धक्क्यावर दोघी समोरासमोर आल्या. ग्रीकाने तिचे नाव विचारले, लिहूनही घेतले, आणि आपल्याच घरची मुलगी त्याने ओळखली नाही.

आता 'बारुस'कडे परत चला. 'बारु' आणि 'भरु' यांचा आवाज किती सारखा! पण नाते काही नाही. निव्वळ योगायोग. मग 'बारुस'चे खरे नातेवाईक आपल्याकडे कोण? आवाजाने अगदी न जुळणारा शब्द आहे तो: गुरू. हो, गुरू! गुरू म्हणजे मुळात जड. छंदात लघू आणि गुरू म्हणतो, तेव्हा तोच हलका-जड हिशेब असतो. मूळ भाषेतला एक 'ग्व'सारखा ध्वनी ग्रीकमध्ये 'ब' झाला, आपल्याकडे 'ग' राहिला. ज्या शब्दाने बॅरोमीटर बनतो आणि ज्या शब्दाने आपण ज्यांच्या पायावर डोके ठेवतो त्यांना हाक मारतो, ते दोन्ही भाऊ. सुरुवातीला जपून ठेवायला सांगितले होते, ते याच्यासाठी.

तर पाहा ही गंमत. जे सारखे ऐकू येते ते परके निघाले, आणि जे ओळखू येत नाही ते सख्खे निघाले. नावांचे नाते कानावर सोडता येत नाही. माणसांचे तरी कुठे सोडता येते?

आता शेवटचा मुद्दा, आणि घरचा. आपले स्वतःचे गाव.

इसवी सन 812मध्ये राष्ट्रकूट कर्काने वलभीहून आलेल्या एका ब्राह्मणाला एक खेडे दान दिले. ताम्रपटात त्या खेड्याचे नाव आहे 'वडपद्रक'. ते अंकोट्टक चौऱ्याऐंशीत, म्हणजे चौऱ्याऐंशी गावांच्या समूहात मोडते, आणि त्याच्या पश्चिमेला अंकोट्टक आहे. अंकोट्टक म्हणजे आपले अकोटा. त्या वेळी अकोटा मोठे होते आणि बडोदे त्याच्या शेजारचे एक खेडे! त्या अकोट्यातच इरॉस या ग्रीक देवतेची आकृती असलेली रोमन धाटणीची कांस्यमूठ सापडली. बारुगाझाला उतरलेल्या मालापैकी काही इथवर पोहोचत होते, त्याची ही खूण.

वडपद्रक. वड म्हणजे वड. पद्र म्हणजे वस्ती, गावाची जमीन. गुजरातीत गावाच्या वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेला आजही 'पादर' म्हणतात, आणि आपल्याच जिल्ह्यातले पादरा पाहा. इथे मराठी माणसाचा कान टवकारतो. आपल्याकडे गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. पादर आणि पांढर, एकच की! नाही हो. पांढरी ही पांढऱ्या मातीवरून आलेली. मोह आवरा. मघाचा 'बारुस' आठवा.

'पद्र'मधल्या 'प'चा 'व' झाला, 'अव'चा 'ओ' झाला, जसे नवनीताचे लोणी झाले आणि लवणाचे लोण. वडपद्रचे वडोदरा झाले. मग 'पद्र' विसरले गेले, आणि कुणीतरी संस्कृत कानाने ऐकले: वट आणि उदर. वडाचे पोट! वडांच्या दाटीत वसलेले गाव. किती सुंदर अर्थ! आणि किती नंतरचा! भरूचला भृगु मिळाले, तसे बडोद्याला उदर मिळाले. जुन्या इंग्रज व्यापाऱ्यांनी 'ब्रोडेरा' लिहिले, पुढे 'बरोडा' झाले. 1974मध्ये सरकारी कागदावर 'वडोदरा' आले.

आणि आपण? 1734पासून 1949पर्यंत हे शहर गायकवाडांकडे होते, आणि आपण त्याला म्हणतो बडोदे. वडाला वड म्हणणारी माणसे आपण, पण गावाच्या नावात उत्तरेकडच्या बोलीतला 'बड' घेतला. आणि पुढे त्याला पुणे, ठाणे यांच्या पंक्तीला नेऊन नपुंसकलिंगी केले. बडोदे, बडोद्याला, बडोद्याचे. गुजराती शेजाऱ्याला हा प्रत्यय लावायचे सुचलेच नसते. म्हणजे आपणही तेच केले जे ग्रीकाने केले. परक्या गावाला आपल्या व्याकरणाच्या घरात घेतले.

मला कधी कधी विचारतात, विशेषतः तरुण मुले विचारतात: बडोदे म्हणणे चूक ना? वडोदरा हेच बरोबर ना? मी सांगतो, फलकावर वडोदरा हवेच, ते या मातीचे नाव आहे. पण तुझ्या आजीच्या तोंडचे बडोदे हेही एक ताम्रपट आहे. त्यात दान कुणी दिले ते लिहिलेले नाही, पण कोण आले, कुठून आले, कोणत्या कानाने ऐकले, ते सगळे कोरलेले आहे. बारुगाझा नसते तर भरु भृगूखाली कायमचा झाकला गेला असता. आपले 'बडोदे' आज चूक वाटेल, पण हजार वर्षांनी कुणाला तरी त्यावरूनच कळेल की इथे पुण्याच्या वळणाने बोलणारी माणसे राहत होती.

आता आवरतो. आज चार गोष्टी बोललो. एक, बारुगाझा म्हणजे भरुकच्छ. ते नाव कोळ्यांनी आणि हमालांनी ग्रीकाला सांगितले. दोन, ते नियमाने मोडले, म्हणून नियमाने जोडता येते. तीन, ज्याने त्याने त्यात आपला अर्थ ओतला: कुणी ऋषी, कुणी खजिना. चार, खरे नाते कानाला कळत नाही, ते शोधावे लागते.

पुढच्या वेळी मुंबईच्या गाडीत बसाल तेव्हा भरूचला खारी सिंग जरूर घ्या. पूल आला की, नाणे टाकायची रीत असेल तर टाका. पेरिप्लसच्या लेखकाने नोंदले आहे की त्याच्या काळी बारुगाझाच्या बाजारात मेनांडर आणि अपोलोडोटस यांची जुनी नाणी अजून चालत होती. ग्रीक अक्षरांची नाणी, मेलेल्या राजांची, आणि तरीही चलनात. नाणे घासते, अक्षरे पुसट होतात, पण बाजार ते घेत राहतो. नावांचेही तसेच आहे.

ज्या गुरुजनांच्या नावाने आपण इथे जमलो, त्यांचे नाव आपण असेच चालते ठेवले आहे. त्या 'गुरू' शब्दाचे वजन आज थोडे अधिक जाणवले असेल, तर माझे काम झाले.